कुत्र्याच्या मौतीनं

'कुत्र्याच्या मौतीनं मरशील!' ही आपल्याकडची जुनी, ठेवणीतली शिवी. सिनेमातल्या नायकापासून पारावरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे ती बिनधास्त वापरतात. अर्थही सगळ्यांना पाठ. बेवारस, रस्त्याच्या कडेला, कुणी घोटभर पाणी न पाजता आलेलं मरण. पण मित्रहो, यात कुत्र्याचा दोष काय? बेवारस मरण काही त्याच्या जातीत लिहिलेलं नसतं. ते आपण त्याला देतो. आणि एखाद्या कुत्र्याला वेगळं मरण मिळालं, कुणीतरी शेवटपर्यंत त्याच्या उशाशी बसलं, नंतर दोन दिवस त्या माणसाला घास गेला नाही, तर आपण त्या माणसालाच हसतो. माझं म्हणणं एवढंच, की हे हसणं आता बंद व्हायला हवं.

हे लिहायला कारण झाली मैना. मैना माझी नव्हती. तशी ती कुणाचीच नव्हती. आमच्या वडूजला गावाबाहेर, येरळेच्या अंगाला, एका निवृत्त गुरुजींचं पत्र्याचं शेड आहे. त्याला पाटी नाही. लोक त्याला 'कुत्र्यांचा गोठा' म्हणतात. दहा-बारा कुत्री कायम असतात. कुणी अपघातातलं, कुणी खरजेनं अंगावरचे केस गेलेलं, कुणी पोत्यात बांधून दारात टाकलेलं पिल्लू. मैना उसाच्या सीझनमध्ये ट्रॉलीखाली सापडली होती. मागचा एक पाय गेला, बाकीची वाचली आणि सहा वर्षं तीन पायांवर अख्ख्या शेडवर राज्य केलं. नवीन पिल्लू आलं की पहिल्या रात्री ते मैनेच्या पोटाशी. ते कुणी शिकवलेलं नव्हतं. सुट्टीत गावी गेलो की मी गुरुजींना मदत करायला जायचो, तशी आणखी चार पोरंही यायची. पण मैना शेपूट हलवायची ती सगळ्यांना सारखीच. त्यात भेदभाव नाही.

मग तिला गोचीड ताप झाला. हा आपल्या भागातला अगदी नेहमीचा आजार. गोचीड चावते, तिच्यातून जंतू रक्तात जातात, ताप येतो, खाणं सुटतं, कधी नाकातून रक्त येतं. अठ्ठावीस दिवस गोळ्या चालल्या. ताप गेला, पण आजारानं मूत्रपिंडं धरली ती सोडली नाहीत. डॉक्टरांनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना चटकन कळेल. मूत्रपिंडात राखीव क्षमता एवढी असते, की जवळजवळ पाऊण भाग निकामी होईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन फारसं वाढत नाही. म्हणजे आजार रिपोर्टात दिसतो तेव्हा फॅक्टर ऑफ सेफ्टी आधीच संपलेला असतो! गेलेला भाग परत येत नाही. उरलेल्यावरचा भार कमी करायचा, एवढंच हातात.

तेवढं गुरुजींनी आठ महिने केलं. हाडं आणि मटण बंद. मऊ भात, भोपळा, वर औषधाची पूड. एक दिवसाआड सलाईन. हे सलाईन शिरेतून नव्हे, मानेमागची कातडी चिमटीत धरून तिच्याखाली सुई घालायची. बाटली पत्र्याखालच्या पाइपला टांगलेली. बाटली जितकी उंच तितकी धार जास्त, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकतो, गुरुजींना ते न शिकता ठाऊक होतं. थंडीत बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, नाहीतर ती अंग चोरायची. प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं. हिशेब केला तर असं सव्वाशेच्या आसपास वेळा. आपण एका सेमिस्टरची लेक्चर्ससुद्धा इतक्या नेमानं करत नाही.

शेवटी तिला पाणीही ठरेना. तोंडात फोड आले, उलट्या थांबेनात. डॉक्टर म्हणाले, आता फक्त त्रास वाढणार. गुरुजींनी एक रात्र मागून घेतली, तिच्याजवळ बसून काढली आणि सकाळी होकार दिला. इंजेक्शन दिलं तेव्हा तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. कमरेइतका खोल खड्डा आम्ही पोरांनी खणला. झालं.

यावर गावात दोन प्रतिक्रिया आल्या. पहिली, 'गुरुजी, हे पाप केलंत. आपोआप मरू द्यायचं होतं.' दुसरी, 'एवढं काय त्यात, कुत्रंच होतं.' दोन्ही वाक्यं काही ठिकाणी तर एकाच तोंडून आली!

पहिलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. असाध्य आजार झालेल्या कुत्र्याला पशुवैद्यानं वेदनेविना सोडवणं आपल्या कायद्यालाही मान्य आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तशी तरतूद आहे. पण कायदा राहू द्या. आठ महिने ज्या हातानं सुई घातली, त्याच हाताला 'आता पुरे' म्हणण्याचा अधिकार पोचतो. जो कधी त्या शेडकडे फिरकला नाही, त्यानं पाप-पुण्याचा हिशेब मांडू नये. वेदना लांबवून मिळालेलं मरण 'नैसर्गिक' म्हणून जास्त पवित्र होतं, हे मला पटत नाही.

दुसरी प्रतिक्रिया जास्त खोल आहे. 'कुत्रंच होतं.' आपली भाषाच बघा ना. माणूस 'जातो', 'वारतो', 'देवाघरी जातो'. कुत्रं 'मरतं'. त्याचं सुतक नाही, दहावा नाही, भेटायला येणं नाही. रेक्टरच्या नोंदवहीत रजेच्या कारणाचा रकाना असतो. त्यात 'कुत्री वारली' असं लिहिणारा विद्यार्थी मी तरी अजून पाहिला नाही. दुःख तर होतं, पण ते ठेवायला जागा नाही. मग माणूस ते गिळतो.

गंमत म्हणजे कुत्र्याचा मान राखण्यात आपण मागे नाही. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतो. कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही म्हणणारा युधिष्ठिर आपण लहानपणापासून ऐकतो. आणि आपल्या सातारा जिल्ह्यात तर चक्क कुत्र्याची समाधी आहे! साताऱ्याहून कोरेगावकडे निघालं की कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली लागते. तिथं थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत वाघानं झडप घातली तेव्हा या कुत्र्यामुळं महाराज वाचले, अशी कथा. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, एकदा तर भरजरी कपडे आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. हा प्रकार ग्रँट डफनं आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवला आहे. रायगडावरचा वाघ्या तर सगळ्यांना माहीत. १९३६ साली त्याचा पुतळा बसला, २०१२ मध्ये तो काढून टाकला गेला, पुन्हा बसवला गेला आणि २०२५ मध्ये त्यावरून पुन्हा वाद पेटला. वाघ्याची गोष्ट इतिहासाच्या कसोटीला उतरते का, हा वेगळा विषय. मला इथं वेगळंच म्हणायचंय.

या सगळ्या कुत्र्यांना मान मिळाला तो कशाबद्दल? खंड्यानं जीव वाचवला. वाघ्यानं, कथेप्रमाणे, चितेत उडी घेतली. जपानचा हाचिको मेलेल्या मालकाची स्टेशनवर नऊ-दहा वर्षं वाट बघत राहिला. त्याचा पुतळा त्याच्या हयातीतच, १९३४ मध्ये, शिबुया स्टेशनबाहेर बसला. म्हणजे कुत्र्यानं आधी काहीतरी करून दाखवायचं, मग आपण त्याच्यासाठी रडायचं. हाचिकोचे जपून ठेवलेले अवयव शास्त्रज्ञांनी तपासले आणि २०११ मध्ये जाहीर केलं, की त्याला कर्करोग होता, शिवाय फायलेरियाचे जंतही होते. पुतळ्यात हा आजार दिसत नाही. पुतळ्यात फक्त इमान दिसतं.

मैनेनं काय केलं? काही नाही. कुणाचा जीव वाचवला नाही, चोर पकडला नाही. शेवटचे आठ महिने तर तिनं फक्त घेतलं. आणि तरी, किंबहुना म्हणूनच, गुरुजींना ती गेल्याचं सगळ्यात जास्त लागलं. कारण जिची आपण सेवा करतो, तिच्यात आपला जीव गुंततो. अजूनही एक दिवसाआड सकाळी त्यांचा हात पाइपला टांगलेल्या हुककडे जातो. हे दुःख कुत्र्याच्या इमानाचं नाही, माणसाच्या मायेचं आहे. त्याला हसणं म्हणजे मायेला हसणं.

रतन टाटांबद्दल सुहेल सेठ यांनी सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. २०१८ साली लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसमध्ये त्यांचा सत्कार होता. पण कुत्रं अचानक फार आजारी पडलं म्हणून ते गेलेच नाहीत. वाचून सगळ्यांनी वाहवा केली. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटांनी प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू केलं, त्याचंही कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं. पण हेच वडूजच्या एका पेन्शनर माणसानं एखादं लग्न चुकवून केलं, की तो 'येडा'. हा न्याय कुठला?

आता नेहमीचा प्रश्न. 'माणसं मरतायत, आणि तुम्ही कुत्र्यासाठी रडता?' मी माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातला आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडची माणसं जनावरं घेऊन चारा छावण्यांत राहिली. महिनोन्महिने जनावरांशेजारीच संसार. त्यातली कितीतरी गुरं भाकड होती, म्हातारी होती. तेव्हा कुणी म्हटलं नाही, की ही माणसं माणसांचा विचार करत नाहीत. माया म्हणजे काही टँकरचं पाणी नव्हे, की एकाला दिलं तर दुसऱ्याचा हंडा रिकामा राहील.

दुसरा प्रश्न मात्र गंभीर आहे. कुत्री चावतात. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की जवळपास हमखास मृत्यू, हे खरं आहे. ज्याच्या घरातलं मूल चावलं गेलंय, त्याला मी मायेचं प्रवचन देणार नाही. चावा घेतला तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि ताबडतोब लस घ्या, एवढंच सांगेन. याच काळजीतून सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये आदेश दिला, की शाळा-कॉलेजं, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली मोकाट कुत्री पकडावीत, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावं. आदेशावर वाद होत राहतील. पण निवारा म्हणजे काय, याचा विचार आपण केलाय का? निवारा म्हणजे जाळीच्या चार भिंती नव्हेत. त्या भिंतींच्या आत कुत्री म्हातारी होणार, मूत्रपिंडं जाणार, गोचीड ताप येणार. बाटली कोमट करणारा कुणी असेल तर तो निवारा, नाहीतर नुसतं कोंडवाड्याचं नवं नाव.

आणि आपल्या होस्टेलचं काय? प्रत्येक होस्टेलला एखादं कुत्रं असतंच. आपण त्याला एखाद्या सरांचं नाव ठेवतो, मेसची चपाती टाकतो, फेअरवेलच्या फोटोत मध्ये बसवतो. पिल्लू असतं तोवर बिस्किटांचा पाऊस. मग पी.एल. लागते, परीक्षा संपते, मेस बंद होते, आपण बॅगा भरून एस.टी. पकडतो. मागं त्या कुत्र्याचं काय होतं, ते वॉचमन काकांना विचारा. आणि त्याला खरूज झाली की बिस्किट देणारा तोच हात दगड उचलतो. याला लळा म्हणत नाहीत, टाइमपास म्हणतात.

त्यापेक्षा आधी रेक्टर सरांशी बोलून रीतसर लसीकरण आणि नसबंदी करून घेऊ. वर्गणी काढू. बर्थडेच्या केकपेक्षा ती स्वस्त पडते. सुट्टीत जवळ राहणाऱ्या मुलांनी वार वाटून घ्यावेत. आणि कुत्री निवाऱ्यात गेलीच, तर महिन्यातून एखादा रविवार तिकडे जाऊन या. पिल्लांशी खेळायला सगळेच जातात. कोपऱ्यातल्या, उठता न येणाऱ्या कुत्र्याजवळ दहा मिनिटं बसून बघा.

आणखी एक. विंगमधला एखादा पोरगा घरून परत आला, गप्प गप्प राहिला आणि विचारल्यावर 'आमचं कुत्रं गेलं' म्हणाला, तर 'मग नवीन आण की' असं म्हणू नका. त्याचं नाव काय होतं, एवढंच विचारा. पुढचं तो आपोआप सांगेल.