पत्रिकेतलं नत्र आणि रानातलं नत्र

मृद आरोग्य पत्रिका घरात असेल तर जरा ट्रंकेतून बाहेर काढा. त्यात ‘उपलब्ध नत्र’ ही ओळ पाहा. आकडा हेक्टरी २८० किलोच्या आत असला तर नत्र ‘कमी’, ५६० पर्यंत ‘मध्यम’ आणि त्यापुढे ‘जास्त’. त्यावरूनच आपण युरियाचा हिशेब करतो.

पण हा आकडा कुणाच्या मातीचा? २०१५ साली ही योजना सुरू झाली तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरांना एक नमुना आणि जिरायतीत दहा हेक्टरांना एक, असं ठरलं होतं. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर! माती शेजाऱ्याची अन् पत्रिका तुमची. त्यातही कित्येक प्रयोगशाळा नत्र प्रत्यक्ष मोजत नाहीत, सेंद्रिय कर्बावरून अंदाज बांधतात. अंदाजाला आमची ना नाही. पण तो अंदाज आहे, एवढं पत्रिकेवर छापायला काय हरकत आहे?

कारण नत्र हे स्फुरदासारखं जागेवर बसून राहणारं नव्हे. चुनखडीच्या ओल्या रानावर युरिया नुसता फोकला की त्यातलं बरंचसं अमोनिया होऊन हवेत जातं. जोराचा पाऊस झाला की नायट्रेट होऊन मुळांच्या खाली उतरतं. रानात पाणी तुंबलं तर जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. ४५ किलोच्या गोणीत नत्र २०.७ किलो, त्यातलंही पिकाच्या तोंडी बऱ्याचदा निम्म्याहून कमीच पडतं. तेव्हा तीन वर्षांपूर्वीच्या आकड्यावर यंदाचा हप्ता ठरवणं म्हणजे जुन्या पासबुकावर उसनवारी करणं झालं.

म्हणून नमुना स्वतः घ्या. रब्बी निघाल्यावर, शेणखत पसरण्याआधी. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्या, माती एकत्र करून सावलीत वाळवा, अर्धा किलो कापडी पिशवीत भरा. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा टाळा. युरियाच्या रिकाम्या गोणीत माती पाठवणारे बहाद्दर अजून आहेत, मग नत्र ‘जास्त’ येईल नाही तर काय!

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनाही एक सांगायचंय. मुळांखाली उतरलेलं नायट्रेट शेवटी गावच्या विहिरीत येतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यापुढे ते तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरीचं पाणी तपासून घ्या, आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा. पाणी उकळल्यानं नायट्रेट जात नाही, हेही त्याच वेळी बायाबापड्यांना सांगा.