गणिताचा तास पटांगणात

आम्ही पहिली ते चौथीला शिकवणारे शिक्षक आणि त्या मुलांचे पालक जाहीर करतो की, गणित उरकल्यावर मिळणारे बक्षीस म्हणून आम्ही यापुढे खेळाकडे पाहणार नाही. मुले खेळतील तोच गणिताचा तास असेल आणि वेळापत्रकात त्याची नोंदही तशीच होईल.

खेळ आपल्याकडे आहेतच. सम आकडा पुकारला की तळ्यात, विषम पुकारला की मळ्यात. विटी किती लांब गेली ते दांडूने मोजताना एकाचा दांडू आखूड निघतो आणि भांडण पेटते. सगळ्यांना एकच माप का हवे, ते मुलांना त्या घडीला पटते. मीटरपट्टी तेव्हाच काढावी.

तेवीस मुले गोल धावत आहेत. बाई ओरडतात, "चार-चार!" मुले एकमेकांना घट्ट धरतात. पाच गट होतात, तिघे उरतात. "आता पाच-पाच केले तर?" आधी अंदाज सांगायचा, मग धावायचे. पुन्हा तिघेच उरतात! मुले चक्रावतात, पुन्हा मोजतात. मग एखादी म्हणते, "बाई, चार पंचे वीस आणि पाच चोक वीस, मग उरणार तीनच की!" ही मुलगी आता बाकी कधी विसरणार नाही.

उरलेल्यांना बाद करायचे नाही, याबाबत आम्ही हट्टी आहोत. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच आधी बाद होऊन कडेला बसतो. आमच्या खेळात उरलेले तिघे खडूने फरशीवर मांडणी लिहितील. ज्याला धावता येत नाही त्याच्यासाठी नियम बदलू, त्याला नुसते गुण मोजायला बसवणार नाही.

मात्र नुसत्या उड्या म्हणजे गणित नव्हे. पाढा म्हणत दोरी खेळल्याने दम लागेल, गुणाकार समजेलच असे नाही. प्रत्येक खेळात एक खरा गणिती प्रश्न हवा आणि खेळ संपताच तो पाटीवर उतरायला हवा.

खेळातून शिकवण्याचा हा विचार आजचा नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गावातल्या, पाड्यांवरच्या मुलांसाठी आयुष्य वेचले. केंद्र सरकारच्या २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानानेही तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत संख्याज्ञान देण्याचे ध्येय ठेवले आहे. ते स्वाध्यायपुस्तिका भरून गाठता येईल, असे आम्हाला वाटत नाही.

म्हणून आमचे मागणे असे: आठवड्यातले किमान दोन गणिताचे तास वर्गाबाहेर. पटांगण नसेल तर व्हरांडा, गच्ची, देवळासमोरचा पार. केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत वह्या तपासण्याआधी एक डाव पाहावा, जमल्यास खेळावा. पालकांनी मळलेल्या गणवेशाची तक्रार करू नये. आणि ज्या शिक्षकांना हे पटते त्यांनी परवानगीची वाट न बघता येत्या सोमवारी खडू घेऊन बाहेर पडावे.