कर्जाचे शास्त्र आणि विद्यापीठांचे कर्तव्य

कायद्याच्या जाणकाराने विद्यापीठाची धुरा वाहावी, ही मुंबई इलाख्यातील जुनी रीत होती. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. १९४७ ते १९४९ या काळात ते पद महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी भूषविले. रत्नागिरीतील शाळामास्तर, मुंबईच्या हायकोर्टातील वकील, कायद्याचे अध्यापक, कुलगुरू आणि १९६३ साली भारतरत्न असा त्यांचा प्रवास. त्यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाचा तिसरा खंड १९४६ साली निघाला. त्यात ऋणादानाचे, म्हणजे कर्जाच्या देण्याघेण्याचे, सविस्तर विवेचन आहे.

आपल्या स्मृतिकारांनी कर्ज फेडणे हे पवित्र कर्तव्य मानले, बापाचे ऋण मुलाच्या माथी मारले. परंतु व्याजाला मर्यादाही घातली. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी वसूल करू नये, हा दामदुपटीचा नियम इंग्रजी न्यायालयांनीही मान्य केला. धनकोचे येणे बुडू नये आणि ऋणकोही बुडू नये, हा तोल त्यामागे आहे.

हा तोल सुटला की काय होते, हे नगर जिल्ह्याने पाहिले आहे. १८७५ साली सुप्यात पेटलेला शेतकऱ्यांचा उठाव या जिल्ह्यात पसरला आणि सावकारांची खतपत्रे जाळली गेली. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांतील न्यायालयांना खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. शेतकऱ्याला नादारीची वाटही मोकळी झाली.

आज काय आहे? पाथर्डी तालुक्यातील तिसगावचा एखादा छोटा दुकानदार, किंवा उचल घेऊन ऊसतोडणीला जाणारा मजूर, कर्जाखाली पिचला तर त्याच्यासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच आहे. पाचशे रुपयांचे देणे ही त्यातील अर्जाची किमान मर्यादा. कायद्याचे वय त्यावरूनच कळावे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने व्यक्तींसाठी नवा विभाग लिहिला खरा. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहणाऱ्यांपुरता. गरीब ऋणकोला नव्याने उभे राहू देणारी तरतूदही कागदावरच आहे. तिची पात्रता पाहा: वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नसावे! डोक्यावर वडिलोपार्जित पत्रा असला, तरी माणूस अपात्र ठरावा, हा कसला दिलासा?

कंपनीला कर्जातून सुटण्याची रीत आहे आणि माणसाला नाही, ही विसंगती सरकारने दूर केलीच पाहिजे. या मर्यादा सुधारून तो विभाग अंमलात आणणे हे पहिले पाऊल होय. दुसरे पाऊल विद्यापीठांचे. नगर जिल्हा पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. जिल्ह्यातील विधी महाविद्यालयांनी नादारीचा कायदा परीक्षेपुरता न शिकवता बाजाराच्या दिवशी गावोगावी सल्लाकेंद्रे चालवावीत आणि तेथील अनुभव कायदे करणाऱ्यांपुढे मांडावा. काण्यांसारख्या विद्वानांनी मिळवलेले ऋणशास्त्राचे ज्ञान ग्रंथालयातच राहिले, तर समाजाचे ऋण विद्यापीठांच्या खाती थकलेलेच राहील; आणि त्या देण्याला नादारीची सवलत नाही.