पहिला प्रश्न : ‘कापणार किती?’

वाणिज्य शाखेच्या वर्गात एक वाक्य नेहमी कानी पडते : छोटा व्यापारी बदलाला भितो. सिंगापूरच्या चिनी खाद्यविक्रेत्यांची हकिकत वाचल्यापासून मला ते पटेनासे झाले आहे.

ही मंडळी एकेकाळी रस्त्यावर हातगाडी लावीत. १९७१ ते १९८६ या काळात सरकारने सर्व फेरीवाल्यांना नळ, वीज व गटारांची सोय असलेल्या बांधीव केंद्रांत हलविले. गाडी गेली, गाळा आला. गिऱ्हाईक नव्याने जोडावे लागले. हे पचविणाऱ्या पिढीला भित्री कोण म्हणेल?

तरीही मोबाईलवरून पैसे घेण्यास त्यांतले कित्येक वृद्ध राजी नव्हते. २०१८ मध्ये २७ पेमेंट पद्धतींसाठी मिळून एकच क्यूआर कोड आला, तरी त्यांची रोकड सुटेना. त्यांच्या बाजूने पाहा. ऐन गर्दीत, तेलकट हातांनी, पैसे खरोखर जमा झाले की नाही हे कोण तपासणार? गल्ल्यातल्या पैशांवर उद्याचा बाजार भरायचा. तो बँकेत अडकला तर? चार डॉलरच्या वाडग्यावर शुल्क कापले तर हाती काय उरणार? याला आडमुठेपणा म्हणता येणार नाही. हा सरळ नफातोट्याचा हिशेब आहे.

जून २०२० मध्ये सरकारने हा हिशेबच बदलला. महिन्याला किमान २० व्यवहार मोबाईलवरून घेणाऱ्या गाळेधारकाला ३०० सिंगापुरी डॉलर, असे पाच महिने देऊ केले. सुरुवातीला शुल्काचा भारही उचलला. मदतनीस गाळ्यागाळ्यावर जाऊन शिकवू लागले. तिथला कारभार इंग्रजीत चालतो. जुन्या विक्रेत्यांची बोली मात्र हॉक्किएन, टिओच्यू नाहीतर कँटोनीज. अशा माणसापुढे नुसते इंग्रजी पत्रक ठेवून काय होणार?

याचा अनुभव मला घरीच आला. माझ्या मामांचे बेळगावात किराणा दुकान आहे. एका बँकेचा माणूस त्यांच्याकडे इंग्रजी पत्रक ठेवून गेला. महिनाभर ते गल्ल्याखाली पडून होते. मी मराठीत वाचून दाखविले, तेव्हा मामांनी पहिला प्रश्न केला, “कापणार किती?” शेजारच्या कापडदुकानदारांना तेच मी कन्नडमधून सांगितले. त्यांचाही पहिला प्रश्न तोच!

दुकानदार सगळीकडे सारखाच. नवे यंत्र त्याला नको असते असे नाही. पहिला तोटा कोण सोसणार, एवढेच त्याला आपल्या भाषेत ऐकायचे असते. सरकारची तिजोरी आपल्या हाती नाही. पण दोन भाषा आहेत. सुट्टीत आपल्यापैकी प्रत्येकाने गल्लीतल्या एका दुकानात तासभर बसले, तर वर्गातले ते वाक्य आपल्यालाच बदलावेसे वाटेल.