छापील आज्ञावली आणि तिचा वाचक

अक्षर ठळक की तिरपे, याचे संगणकाला सोयरसुतक नसते. मग आज्ञावली छापताना निरनिराळे टंक कशासाठी? वाचकासाठी, असे आम्हांस वाटते. डोनाल्ड कनूथ यांनी १९८६ साली ‘टेक् : द प्रोग्रॅम’ या ग्रंथात आपल्या अक्षरजुळणी-प्रणालीची संपूर्ण आज्ञावली छापली. तीत संगणकभाषेचे राखीव शब्द ठळक, लेखकाने दिलेली नावे तिरपी आणि विवरण साध्या टंकात आहे. भाषेचे काय नि लेखकाचे काय, हे नजरेलाच उमगते. मूळ श्लोक मोठ्या आणि टीका बारीक अक्षरांत लिहिणाऱ्या पोथ्या आपण जाणतो. आज्ञावलीला मात्र ‘संहिता’ म्हणताना कचरतो. जी माणसाने वाचावी म्हणून मांडली जाते, ती संहिताच. तिच्याकडे पाठ फिरवणे साहित्याच्या अध्यापकांना शोभत नाही.