ग्वेन स्टेसीची मान आणि न्यूटनचा हिशेब

1973 साली 'अमेझिंग स्पायडर-मॅन' या चित्रकथेच्या 121व्या अंकात पुलावरून कोसळणाऱ्या आपल्या प्रेयसीस, ग्वेन स्टेसीस, नायकाने जाळ्याच्या तंतूने अधांतरी झेलले, आणि तरीही ती गतप्राण झाली, तेव्हा हळहळलेल्या वाचकांपैकी किती जणांनी न्यूटनच्या दरबारी फिर्याद गुदरली असेल, कोण जाणे! समजा, ती 90 मीटर कोसळली. हवेचा अवरोध सोडल्यास वेग ताशी 150 किलोमीटरांच्या घरात जातो, आणि तो अर्ध्या सेकंदात शून्यावर आणावयाचा, तर देहाच्या वजनाच्या नऊपटींहून अधिक ताण पडणार. बिचारी मान त्यास जामीन कशी राहणार? मिनेसोटा विद्यापीठाच्या जेम्स काकालिओस यांनी असलेच हिशेब मांडून भौतिकी शिकविली. पाठ्यपुस्तकांत घर्षणरहित उतारावरून घसरणाऱ्या निर्विकार ठोकळ्यापेक्षा हा दाखला मला शतपट सरस वाटतो. ठोकळ्यासाठी अश्रू कोण ढाळतो?