नावं ठेवायला माणसं हवीत!

नावं ठेवण्यात आपला हात कोणी धरणार नाही. पण किडामुंगीला रीतसर नाव ठेवणारा टॅक्सॉनॉमिस्ट मात्र दुर्मिळ होत चाललाय. जुने निवृत्त होतात, जागा रिकाम्या राहतात. शहाणी माणसंही विचारतात, "हे काम झालंय ना मागच्या शतकात?"

झालंय? बरं. २००८ साली कोइमतूरला पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण सापडला. २०१० पर्यंत तो पुण्याकडच्या बागांत पोचला. फवारण्या करून शेतकरी थकले. पण १९९२ मध्येच कोणीतरी त्याचं वर्णन करून 'पॅराकोकस मार्जिनॅटस' हे नाव देऊन ठेवलं होतं. नाव कळलं म्हणून मूळ मुलूख कळला, मेक्सिकोकडचा, आणि शत्रूही कळला. २०१० मध्येच तो मित्रकीटक पोर्तो रिकोहून आणला आणि कीड आटोक्यात आली. १९९२ चं ते 'निरुपयोगी' काम झालंच नसतं तर?

आपल्या भाषेत, नाव म्हणजे प्रायमरी की. ती चुकली की वरच्या सगळ्या क्वेरी कचरा. "डीएनए बारकोड आहे की!" अहो, बारकोड जुळवायला आधी कोणीतरी ओळखलेला नमुना लागतोच ना?

आणि बक्षीस काय? २०२० मध्ये 'झूटॅक्सा' या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टरच काढून घेतला. कारण? स्वतःचेच संदर्भ फार! जगभर ओरड झाल्यावर महिन्याभरात निर्णय फिरवला. पण मूळ वर्णनं तिथेच छापलेली असताना संदर्भ दुसरा देणार कुठला?

जैवविविधतेच्या प्रकल्पांना पैसा जरूर द्या. पण सोबत एक नाव ठेवणाराही नेमा, कायम नोकरीवर. नाहीतर काय मोजतोय हेच न कळता आपण मोजत बसू.